राज्य पातळीवरची बॅडमिंटनपटू टोरांटो विद्यापीठात जाते तेव्हा: संघ, हॉल आणि पैशांचं गणित

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगी एकोणीस वर्षांखालील गटात राज्य पातळीवर बॅडमिंटन खेळली आहे. तिला टोरांटो विद्यापीठाच्या स्कारबरो कॅम्पसला कॉम्प्युटर सायन्ससाठी प्रवेश मिळाला आहे, सप्टेंबरमध्ये निघायचं आहे. संघात निवड होईल का? खेळावर फी माफ होते का? एक एजंट म्हणतात, वर्षभर थांबा, अमेरिकेत बॅडमिंटनवर पूर्ण स्कॉलरशिप मिळवून देतो. त्यांचं ऐकावं का? आणि सरावाच्या सोयी कशा आहेत, मुलीला तिथे मोकळेपणानं वावरता येईल ना?

ताई, लेकीचं अभिनंदन. मी ओंटारिओतल्याच दुसऱ्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात सोळा वर्षं आहे, त्यातली अकरा बॅडमिंटन संघाबरोबर. टोरांटोच्या संघाविरुद्ध आमची मुलं दरवर्षी खेळतात, त्यामुळे त्यांच्याकडे पाहुणा म्हणून कित्येक शनिवार-रविवार काढले आहेत. आतल्या निर्णयांबद्दल मी बोलू शकत नाही, पण ही सगळी व्यवस्था कशी चालते ते नीट सांगू शकतो.

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत, पण मला त्यात एकच काळजी दिसते. दहा वर्षं पहाटे पाचला उठून मुलीला कोर्टवर सोडलंत, ते आता कशावर टिकून राहणार? निवड झाली नाही तर सगळं संपलं का? निवड हा त्या उत्तराचा एक भाग आहे, आणि तो सगळ्यात मोठा भाग नाही.

आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाकावी लागेल. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून प्रमाणपत्रांची फाइल आपण दागिन्यांसारखी जपतो. कॅनडात ती फाइल कुणी उघडत नाही. खेळाडूंचा कोटा नाही. इथल्या प्रशिक्षकाला हवा असतो पूर्ण सामन्याचा न कापलेला व्हिडिओ, आणि शक्यतो त्यात ती हरलेली असली तरी चालेल.

आता रचना. कॅनडातल्या विद्यापीठांचे खेळ चालवणारी राष्ट्रीय संस्था यू स्पोर्ट्स. २०१६ पर्यंत तिचं नाव वेगळं होतं, सीआयएस, म्हणून जुन्या लेखांत तसं वाचाल. तिच्याखाली चार प्रादेशिक संघटना आहेत: पश्चिमेची कॅनडा वेस्ट, ओंटारिओची ओयूए, क्यूबेकची आरएसईक्यू आणि अटलांटिक प्रांतांची एयूएस. राष्ट्रीय विजेतेपद कुठल्या खेळांत असतं? बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल), आइस हॉकी, पोहणं, अ‍ॅथलेटिक्स, क्रॉस कंट्री, कुस्ती, कर्लिंग, मुलींचं रग्बी, मुलींची फील्ड हॉकी, मुलांचं कॅनेडियन फुटबॉल. (इथे नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की बर्फावरची. आपली हॉकी म्हणजे फील्ड हॉकी, आणि राष्ट्रीय विजेतेपद फक्त मुलींसाठी आहे. मुलांच्या पालकांचा इथे नेहमी गोंधळ होतो.)

या यादीत बॅडमिंटन नाही. टेनिस आणि स्क्वॉश नाही. क्रिकेट तर नाहीच.

पण ओंटारिओच्या ओयूएमध्ये बॅडमिंटन आहे आणि टोरांटो विद्यापीठाचा त्यात संघ आहे. या विद्यापीठाच्या सगळ्या अधिकृत संघांना ‘व्हर्सिटी ब्लूज’ म्हणतात. म्हणजे तुमच्या मुलीला निळा शर्ट मिळू शकतो, पण आपल्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखं राष्ट्रीय मैदान या खेळाला तिथे नाही. सगळ्यात मोठं विजेतेपद प्रांताचं. गंमत अशी की कॅनडात ‘कॉलेज’ ही विद्यापीठापेक्षा वेगळी, व्यवसाय-शिक्षणाकडे झुकलेली संस्था असते, आणि या कॉलेजांच्या संघटनेत, सीसीएएमध्ये, बॅडमिंटनचं राष्ट्रीय विजेतेपद आहे. म्हणून कॉलेजात जा असं मी म्हणत नाही. पदवी आधी, खेळ त्याच्यामागे.

एजंटबद्दल स्पष्ट सांगतो. अमेरिकेत विद्यापीठांचे खेळ चालवणारी मोठी संघटना म्हणजे एनसीएए, तिच्या राष्ट्रीय विजेतेपदांच्या यादीत बॅडमिंटन नाहीच. जिथे खेळच यादीत नाही तिथे त्या खेळावर पूर्ण स्कॉलरशिप कुठून येणार? कॅनडातलं सायमन फ्रेझर विद्यापीठ २०१० मध्ये एनसीएएच्या दुसऱ्या श्रेणीत खेळू लागलं, ते उदाहरणही लोक देतात. पण तेही या खेळासाठी लागू पडत नाही. एजंटला एवढंच विचारा: कुठलं विद्यापीठ, कुठली स्पर्धा, प्रशिक्षकाचं नाव काय? या तिन्हीची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नका आणि हातातला प्रवेश तर मुळीच सोडू नका. आमच्याकडे अशाच आश्वासनावर आलेला एक मुलगा होता. त्याच्या वडिलांनी दिलेल्या पैशांत त्याचं पहिलं सत्र निघालं असतं.

कॅनडात खेळावर पैसे मिळतात का? मिळतात, पण परिस्थितीनुसार, आणि तुम्ही समजता तितके नाहीत. यू स्पोर्ट्सच्या नियमांत खेळाडूला मिळणारी मदत शिक्षण फी आणि सक्तीचे शुल्क यांच्या मर्यादेत बांधलेली असते. राहणं-जेवण त्यात धरत नाहीत. त्यात ओंटारिओची विद्यापीठं पूर्वीपासून हात आखडता घेत आली आहेत. एका खेळाडूला वर्षाला काही हजार डॉलर इथवरच गोष्ट जाते. पहिल्या वर्षी ती मिळवायची तर बारावीला चांगले गुण लागतात आणि पुढे पास होत राहावं लागतं. परदेशी विद्यार्थ्याची वर्षाची फी टोरांटोत साठ हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास किंवा वर असते, हे ध्यानात घेतलं तर मदत म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी. शिवाय त्यातला मोठा वाटा फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल यांच्याकडे जातो. म्हणून घरचं बजेट आखताना खेळाच्या रकान्यात शून्य लिहा. काही मिळालंच तर बूट आणि रॅकेटचं गटिंग निघेल.

ज्यांची मुलं अजून अकरावीत आहेत त्यांच्यासाठी एक सांगतो: टोरांटो विद्यापीठाची लेस्टर पिअर्सन शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांची चार वर्षांची फी, पुस्तकं, इतर शुल्क आणि वसतिगृह एवढं सगळं भरते. ती खेळासाठी नाही, अभ्यास आणि नेतृत्व पाहून मिळते, आणि शाळेनं नाव सुचवावं लागतं. पण संघाची कर्णधार असणं, लहान मुलांना शिकवणं हे नेतृत्वच आहे. तुमचं खेळाचं प्रमाणपत्र कामाला यायचं तर ते असं वळसा घेऊन येतं.

निवडीबद्दल. होईल का, हे मी सांगू शकत नाही. ते त्या वर्षी संघातल्या किती मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या यावर फार अवलंबून असतं. पण स्पर्धा कुणाशी आहे ते ऐका. टोरांटोच्या उत्तरेला मार्कहम, रिचमंड हिल, आणि पूर्वेला स्कारबरो या पट्ट्यात बॅडमिंटनचे खासगी क्लब आहेत, आणि तिथे हाँगकाँग, चीन, तैवानहून आलेल्या घरांतली मुलं सहा-सात वर्षांची असल्यापासून खेळतात. कॅनडाची बॅडमिंटनपटू मिशेल ली याच मार्कहमची. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत उपांत्य फेरीत सिंधूला हरवून तिनं सुवर्ण नेलं होतं, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या अंतिम सामन्यात सिंधूनं तिला हरवलं, तो सामना तुम्ही घरी बसून पाहिला असेल. २०१५ च्या पॅन अमेरिकन स्पर्धांचं बॅडमिंटनही मार्कहमलाच झालं. तेव्हा ‘कॅनडात बॅडमिंटन कोण खेळतं’ असं मनात धरून कुणी ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, गेलं तर पहिल्या दहा मिनिटांत घाम फुटतो.

महाराष्ट्रातून आलेल्या मुलींमध्ये मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. एकेरी भक्कम असते. मागच्या कोपऱ्यातून क्लिअर, ड्रॉप, दमसास, चाळीस फटक्यांची रॅली, काही अडत नाही. दुहेरीत मात्र पाय गोंधळतात. सर्व्हिस झाल्यावर पुढे कोण, मागे कोण, बचावातून आक्रमणात जाताना जागा कशी बदलायची, हे आपल्याकडे दुय्यम मानलं जातं. विद्यापीठाच्या संघाला दुहेरी आणि मिश्र दुहेरी खेळणारी माणसं लागतात. इथे मुलं-मुली मिळून एकच संघ असतो. मी ट्रायआउट घेतो तेव्हा पहिल्या दिवशी फटके पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी जोडीदाराबरोबर खेळायला लावतो. जोडीदारानं सोपा फटका जाळ्यात मारला की मुलगी त्याच्याकडे कशी पाहते, तेवढं पुरतं. आता निघेपर्यंत जे दिवस आहेत त्यात तिला रोज मिश्र दुहेरी खेळू द्या. यापेक्षा उपयोगी तयारी मला माहीत नाही.

निवड नाही झाली तर? सप्टेंबरमध्ये नाकारलेली मुलं आम्ही कित्येकदा सरावाला ठेवतो. छत्रपती संभाजीनगरची एक मुलगी आमच्याकडे पूर्ण पहिलं वर्ष फक्त सरावाला यायची, सामन्यांच्या दिवशी स्कोअर लिहायची. दुसऱ्या वर्षी मिश्र दुहेरीत पहिली जोडी तिची. प्रत्येक प्रशिक्षक असं करेल असं नाही, म्हणून विचारून घ्यावं. त्याखाली क्लब असतात, तिथे विद्यार्थीच सगळं चालवतात. आणि इंट्राम्युरल म्हणजे विद्यापीठाच्या आतल्या स्पर्धा, त्यात अगदी नवशिका ते माजी राष्ट्रीय खेळाडू असे सगळे भेटतात.

माझ्या हातून जे झालं ते तिच्या हातून होऊ नये म्हणून सांगतो. २००४ ला मी विद्यार्थी म्हणून आलो. पुण्याहून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ खेळून आलो होतो, त्यामुळे सूचना फलकावर लागेल, नाव पुकारतील, मग जाऊ, अशा समजुतीत राहिलो. ऑक्टोबरमध्ये हॉलमध्ये डोकावलो तर संघ ठरून महिना झाला होता. एक पूर्ण वर्ष गेलं. ट्रायआउट सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उरकतात आणि ज्यांनी उन्हाळ्यातच मेल केलेला असतो त्यांची नावं प्रशिक्षकाच्या वहीत आधीच असतात.

आता सोयी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण निवड होवो न होवो, या इमारती तिच्याच आहेत. पूर्ण वेळ विद्यार्थ्याच्या सक्तीच्या शुल्कात खेळ आणि व्यायामाच्या सोयींचे पैसे धरलेले असतात. ते भरून टाकलेले आहेत, वापरले नाहीत तर वाया.

टोरांटो विद्यापीठाचे तीन कॅम्पस: शहराच्या मधोमध सेंट जॉर्ज, पश्चिमेला मिसिसागा, पूर्वेला स्कारबरो. तिची रोजची जागा म्हणजे स्कारबरोचं पॅन अ‍ॅम स्पोर्ट्स सेंटर. ते २०१५ च्या पॅन अमेरिकन स्पर्धांसाठी बांधलं, शहर आणि विद्यापीठ दोघांच्या मालकीचं. पन्नास मीटरचे दोन तलाव, डायव्हिंगचा वेगळा तलाव, मोठा इनडोअर हॉल, चढाईची भिंत. ओंटारिओचे राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू आणि पॅरा खेळाडू तिथे सराव करतात, म्हणजे तुमची मुलगी वजन उचलत असताना शेजारच्या रॅकवर ऑलिंपिकला गेलेलं कुणी असू शकतं. मला या इमारतीत सगळ्यात भावतं ते हे की २०१० मध्ये स्कारबरोच्या विद्यार्थ्यांनी मतदान करून तिच्यासाठी स्वतःवर जादा शुल्क लावून घेतलं. त्यातली बहुतेक मुलं इमारत उभी राहायच्या आत पदवी घेऊन निघून जाणार होती.

सेंट जॉर्ज या मुख्य कॅम्पसवर ब्लूर स्ट्रीटला लागून व्हर्सिटी स्टेडियम आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे मैदान; आताचं पाच हजार आसनांचं स्टेडियम २००७ चं. हिवाळ्यात त्या मैदानावर हवेनं फुगवलेला भलामोठा घुमट चढवतात आणि आत खेळ चालू राहतो. समोरच गोल्डरिंग सेंटर, २०१४ चं. त्याचं दोन हजार प्रेक्षकांचं मुख्य कोर्ट जमिनीखाली उतरवलेलं आहे, त्यामुळे फुटपाथवरून चालताना काचेतून खाली खेळणारी मुलं दिसतात. खेळाडूंच्या दुखापतींचं मॅकिंटॉश क्लिनिकही तिथेच. थोडं पुढे हार्बर्ड स्ट्रीटवर अ‍ॅथलेटिक सेंटर: पन्नास मीटरचा तलाव, दोनशे मीटरचा इनडोअर ट्रॅक, एकाला एक लागून हॉल. कायली मॅस ही जलतरणपटू याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. २०१६ ला रिओत कांस्य, आणि २०१७ ला बुडापेस्टमध्ये शंभर मीटर बॅकस्ट्रोकचा विश्वविक्रम करून जगज्जेती झाली तेव्हा तिचं शिक्षण चालूच होतं.

मोकळेपणानं वावरण्याबद्दल तुम्ही विचारलंत. अ‍ॅथलेटिक सेंटरमध्ये तलाव आणि व्यायामशाळेत फक्त महिलांसाठी राखीव वेळा असतात. हे सहज झालेलं नाही. १९१९ ला उघडलेल्या हार्ट हाउसमध्ये तलाव आणि व्यायामशाळा होती, पण मुलींना पूर्ण सदस्यत्व मिळायला १९७२ उजाडलं. मुलींसाठी वेगळी बेन्सन इमारत १९५९ ला झाली. आज ती अ‍ॅथलेटिक सेंटरचाच भाग आहे. तुमच्या मुलीला मात्र सगळीकडे एकाच ओळखपत्रावर आत जाता येईल.

आता बॅडमिंटनच्या दृष्टीनं काही बारीक गोष्टी. आपल्याकडे हिरव्या सिंथेटिक मॅटवर फक्त आपल्याच रेषा असतात. इथल्या बहुउद्देशीय हॉलमध्ये लाकडी जमिनीवर बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन अशा सगळ्यांच्या रेषा एकमेकींवर काढलेल्या, वेगवेगळ्या रंगांत. पहिला आठवडाभर आपली मुलं व्हॉलीबॉलच्या रेषेला आपली समजून शटल सोडून देतात. हिवाळ्यात हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की पिसं दोन रॅलीत तुटतात, म्हणून आम्ही आदल्या रात्री शटलच्या नळीला वाफ देऊन ठेवतो. उन्हाळ्यात आपल्याकडे ७५ किंवा ७६ नंबरचं शटल चालतं, इथे गार हॉलमध्ये एक-दोन नंबर वरचं लागतं, नाहीतर बेसलाइनपर्यंत पोचतच नाही. आणि बूट. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, जानेवारीत हॉलच्या दारात पांढऱ्या मिठाचे डाग पडलेल्या बुटांची रांग असते. खेळायचे बूट पिशवीतून न्यायचे, आत घालायचे, आतच काढायचे. ओल्या बुटानं कोर्टवर पाय टाकणाऱ्या मुलाला मी एकदाच सांगतो.

सगळ्यात मोठी अडचण मी शेवटी ठेवली आहे, कारण बहुतेक पालकांना तिची कल्पनाच नसते. व्हर्सिटी ब्लूजमध्ये तिन्ही कॅम्पसची मुलं खेळू शकतात, पण संघांचं केंद्र डाउनटाउनला, म्हणजे सेंट जॉर्जला आहे. स्कारबरो कॅम्पसहून बसनं केनेडी स्टेशन, तिथून लाइन २ ची सबवे, जाताना सव्वा तास धरा, बर्फात जास्त. पूर्वी स्कारबरोत एक छोटी रेल्वे होती, ती २०२३ च्या अपघातानंतर कायमची बंद झाली. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी असा प्रवास, रात्री साडेदहाला परत, सकाळी नऊला लेक्चर. कॉम्प्युटर सायन्सचं पहिलं वर्ष सोपं नाही, आणि खेळायला पात्र राहायचं तर पुरेसे विषय घेऊन पास व्हावं लागतं. स्टडी परमिटसाठीही पूर्ण वेळ शिक्षण चालू असणं सक्तीचं आहे. वर आठवड्याला चोवीस तासांपर्यंतची नोकरी करायची म्हटली तर दिवस पुरणार नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी खेळ आणि अभ्यास दोनच ठेवा, नोकरी उन्हाळ्यात. घरून पैसे पाठवणं शक्य नसेल तर उलट करा: नोकरी आणि अभ्यास, आणि खेळ स्कारबरोच्याच हॉलमध्ये, इंट्राम्युरलमधून. यात कमीपणा नाही. पात्रता पाच वर्षांची असते, दुसऱ्या वर्षी ट्रायआउट देता येतं.

औषधांचं एक लक्षात ठेवा. खेळाडूंना इथे उत्तेजक-विरोधी नियम लागू असतात. घरून पाठवलेली ताकदीची पावडर, डबा ओळखीच्या वैद्यांचा असला तरी, घटक नीट तपासल्याशिवाय घ्यायची नाही. सक्तीचा यूएचआयपी विमा डॉक्टर आणि रुग्णालयाचा खर्च बघतो, पण फिजिओथेरपी त्यात सहसा येत नाही. त्यासाठी विद्यार्थी संघटनेचा जोडविमा काय देतो ते पहिल्या महिन्यातच वाचून ठेवावं.

आता हातातलं काम. या आठवड्यात मुलीनं, तुम्ही नाही, तिनं स्वतः, व्हर्सिटी ब्लूजच्या बॅडमिंटन प्रशिक्षकांना मेल करावा. आठ-दहा ओळी पुरेत: नाव, कॅम्पस, विषय, कोणत्या हातानं खेळते, दुहेरीत पुढे खेळायला आवडतं की मागे, गेल्या वर्षभरातली जुनी-नवी कुठलीही दुखापत, आणि दोन व्हिडिओंचे दुवे, एक एकेरीचा, एक मिश्र दुहेरीचा, कॅमेरा कोर्टच्या मागून, पूर्ण गेम. शेवटी दोन प्रश्न: ट्रायआउट कधी, आणि निवड न झाल्यास सरावाला येता येईल का? दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा, त्याच मेलखाली. आणि विमानाचं तिकीट काढताना निदान पाच-सहा दिवस हाताशी राहतील असं बघा. साडेनऊ तासांच्या वेळेच्या फरकातून उठून तिसऱ्या दिवशी ट्रायआउट दिलेली मुलगी मी पाहिली आहे, बिचारीला शटल दिसतच नव्हतं.